वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया व त्यांचें कृतज्ञ जीवन

ज्युबिलीचें वर्ष हें आभार मानण्याचें वर्ष होय. देवळाला नवा रंग चढतो, पताका लागतात, जुन्या तसबिरी पेटींतून बाहेर निघतात, आणि वाडवडिलांनीं आपल्यासाठीं काय करून ठेविलें याची आठवण घरोघरीं निघते. सण सरला म्हणजे मात्र पताकांबरोबर ती आठवणहि पुष्कळदां घडी घालून ठेविली जाते. असें होऊं नये म्हणून या स्मरणिकेंत आम्ही वाचकांपुढें एका थोर पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों. हा पुरुष आपल्याच किनाऱ्याचा आहे. त्याला जाऊन चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं. परंतु देवाचे उपकार मनुष्यानें कसे फेडावे, हा प्रश्न पुढें आला असतां त्याच्या आयुष्याइतकें स्पष्ट उत्तर आम्हांस दुसरीकडे सांपडत नाहीं.

प्रभु येशूनें दहा कुष्ठरोग्यांस बरें केल्याची गोष्ट आपण सर्वांनीं देवळांत अनेकदां ऐकिली आहे. दहाजण बरे झाले, आणि परत फिरून प्रभूच्या पायां पडला तो एकच. तोहि परका, शोमरोनी. बाकीचे नऊजण दुष्ट होते असें शुभवर्तमान सांगत नाहीं. ते आपापल्या वाटेनें गेले, इतकेंच. मिळालेलें घेऊन आपल्या घरीं जावें, कीं तें घेऊन देणाऱ्याकडे परत यावें, या दोन वाटा प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यापुढें रोज असतात. संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र म्हणजे या परत फिरण्याचीच कथा आहे.

वसईचा मुलगा

सातपाटीहून पालघर आणि पालघरहून आगगाडीनें वसई, हा आज थोड्या वेळाचा प्रवास आहे. सोळाव्या शतकांतहि हा किनारा एकमेकांस जोडलेला होता. 1534 सालीं गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें माहीम, तारापूर, डहाणू येथपर्यंत त्यांचीं ठाणीं बसलीं. त्यांच्या मागोमाग धर्मगुरु आले. प्रथम फ्रान्सिस्कन, मागाहून येशूसंघाचे. संत फ्रान्सिस झेवियर हे स्वतः वसईस येऊन गेले होते.

अशा वसईंत 1556-57 सालच्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते आणि आई याच भूमीची होती. त्या काळच्या समाजांत युरोपांतून आलेल्यांची प्रतिष्ठा निराळी व अशा मिश्र घरांतल्या मुलाची निराळी. शुभवर्तमानांतील शोमरोनी मनुष्याप्रमाणेंच हा मुलगाहि कोणाच्या दृष्टीनें अर्धा परकाच होता.

परंतु देवानें त्यास एक गोष्ट भरपूर दिली. वसईच्या कोटांत येशूसंघाची शाळा होती. तेथें त्यास अक्षरओळख झाली, प्रार्थना व धर्मशिक्षण मिळालें, देवळांतील सेवेची गोडी लागली. सेबास्तियांव गोन्साल्विस नांवाच्या येशूसंघीय धर्मगुरूनीं त्यास वळण लाविलें असें चरित्रकार सांगतात. या शाळेचें ऋण गोन्सालो यांनीं पुढें कसें फेडिलें, तें पाहण्यासारखें आहे.

जपानची वाट

संत फ्रान्सिस झेवियर यांनीं 1549 सालीं जपानच्या कागोशिमा बंदरांत पाऊल ठेविलें, तेव्हांपासून येशूसंघाचे धर्मगुरु त्या देशीं जात असत. गोन्सालो यांनीं वयाचीं पंधरा-सोळा वर्षें पुरीं केलीं असतील नसतील, तोंच तेहि त्यांच्याबरोबर निघाले. शिडाच्या गलबतांचा तो काळ. वारा फिरेपर्यंत बंदरांत वाट पाहत बसावें लागे आणि घरीं निरोप पोंचण्यास वर्षें लागत. समुद्रावर पोट असलेल्या आपल्या सातपाटीच्या लोकांस अशा प्रवासाचें मोल निराळें सांगावयास नको.

जपानांत सुमारें आठ वर्षें गोन्सालो यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. ते धर्मगुरूंबरोबर गांवोगांव हिंडत, मुलांना जमवीत, प्रार्थना शिकवीत. तरुण वयामुळें व लोकांत मिसळण्याच्या स्वभावामुळें जपानी भाषा त्यांस उत्तम येऊं लागली. त्या देशांत लहानथोरांशीं बोलण्याच्या रीति अगदीं वेगळाल्या आहेत. दरबारचें बोलणें एक आणि शेतावरचें दुसरें. पुस्तकांत डोकें घालून हें येत नाहीं, लोकांत राहूनच येतें. वसईच्या शाळेनें दिलेली अक्षरें आणि जपानी लोकांनीं दिलेली भाषा, हें त्यांचें खरें भांडवल होतें.

मिटलेलें दार

गोन्सालो यांची एक मोठी इच्छा होती. येशूसंघांत प्रवेश मिळावा आणि आयुष्य तेथेंच वाहून द्यावें, असें त्यांस मनापासून वाटत होतें. ही इच्छा पुरी झाली नाहीं. थांबा, वाट पहा, असें उत्तर मिळत गेलें, आणि अखेरीस ते संघाच्या कामांतून बाहेर पडले.

वाचकहो, या ठिकाणीं क्षणभर थांबणें आम्हांस इष्ट वाटतें. ज्या घरांत मनुष्य वाढला, ज्याच्या कामांत त्यानें तारुण्यांतलीं चांगलीं वर्षें घातलीं, त्याच घराचें दार त्यास मिळत नाहीं, याचें दुःख लहान नसतें. आपल्यांतील किती तरी माणसें अशाच एखाद्या नकारापाशीं अडून बसतात. मुलाला नोकरी मिळाली नाहीं, मुलीचें लग्न मोडलें, होडी बांधावयास कर्ज मिळालें नाहीं, देवळाच्या कामांत आपलें म्हणणें कोणीं ऐकिलें नाहीं. आणि त्या एका नाहींपुढें मिळालेलीं शंभर दानें डोळ्यांसमोरून नाहींशीं होतात. नऊ कुष्ठरोगी विसरले तें सुखांत. आपण पुष्कळदां दुःखांत विसरतों. विसरणें दोहींकडे सारखेंच.

गोन्सालो यांच्या मनांत काय चाललें होतें हें देव जाणे. आपणांस त्यांचीं कृत्यें तेवढीं ठाऊक आहेत. त्यांनीं व्यापार धरिला. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं, आणि पूर्वेकडच्या बंदरांतून त्या काळीं देवघेव मोठी चाले. व्यापारांत त्यांस चांगलें यश आलें. एखाद्यानें येथेंच समाधान मानिलें असतें. देवानें एक दार मिटलें व दुसरें उघडलें, पैसा हाताशीं आला, असें म्हणून घर बांधिलें असतें. तसें केलें असतें तर त्यांस दोष देण्यासारखेंहि कांहीं नव्हतें. परंतु गोन्सालो यांस ही वाट पुरी पडली नाहीं.

मनिला येथील फकीरी

व्यापाराच्या निमित्तानें ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरीं गेले. तेथें फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंशीं त्यांचा परिचय झाला. हे साधु अनवाणी चालत, भिक्षेवर राहत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. त्यांच्यांत गोन्सालो यांना आपलें घर सांपडलें. मिळविलेली संपत्ति सोडून 1590 च्या कांहीं वर्षें आधीं ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले.

ते ब्रदर म्हणून शिरले, धर्मगुरु म्हणून नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ब्रदरकडे मठाचीं साधीं कामें असतात; पाणी आणणें, स्वयंपाक करणें, दाराशीं आलेल्या गरिबास वाढणें. ज्यास एकदां नकार मिळाला, त्यानें दुसऱ्या ठिकाणीं जाऊन उंच जागा मागितली असती तर नवल नव्हतें. गोन्सालो यांनीं खालची जागा घेतली. कृतज्ञ मनुष्य जागेचा हिशेब करीत नाहीं; आपल्यापाशीं जें आहे तें कोठें कामीं येईल एवढेंच तो पाहतो.

मियाकोंतील कुष्ठरोगी

तें कामीं येण्याची वेळ लौकरच आली. त्या वेळीं जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी या बलाढ्य सेनानीच्या हातीं होती. त्यानें 1587 सालीं परदेशी धर्मगुरूंस देशाबाहेर जाण्याचा हुकूम सोडिला होता, जरी त्याची अंमलबजावणी ढिली होती. फिलिपाइन्सनीं आपलें स्वामित्व मान्य करावें अशी मागणीहि त्यानें केली. तेव्हां मनिलाच्या गव्हर्नरानें 1593 सालीं आपले वकील जपानला धाडिले. त्यांचे मुख्य होते फादर पेद्रो बाप्तिस्ता, आणि दुभाष्या म्हणून बरोबर होते वसईचे ब्रदर गोन्सालो.

कोरियाच्या युद्धासाठीं हिदेयोशीनें नागोया येथें तळ दिला होता. तेथें त्याच्या भर दरबारांत गोन्सालो उभे राहिले आणि धर्मगुरूंचें म्हणणें जपानी भाषेंत त्याच्या कानीं घातलें. पाण्याच्या घागरी वाहणारा एक ब्रदर त्या दिवशीं आपल्या वडीलधाऱ्यांची वाणी झाला होता. दरबाराचा परिणाम चांगला झाला. साधूंस राजधानी मियाको, म्हणजे आजचें क्योतो, येथें राहण्याची परवानगी मिळाली.

1594 सालीं तेथें लहानसें देऊळ उभें राहिलें, आणि त्याच्या जवळ कुष्ठरोग्यांसाठीं इस्पितळें निघालीं. त्या काळीं कुष्ठरोग्यास घरचे घरांत घेत नसत व गांव गांवांत घेत नसे. साधु त्यांस आणीत, त्यांच्या जखमा धूत, त्यांस जेऊं घालीत. साधूंपैकीं बहुतेकांस जपानी भाषा नवी. म्हणून रोग्याचें दुःख समजून घ्यावयास आणि त्यास दोन शब्द सांगावयास गोन्सालो यांचीच भाषा उपयोगीं पडे. जी भाषा त्यांस देवानें येशूसंघाच्या सेवेंत असतां दिली, ती अशा रीतीनें त्यांनीं देवाला कुष्ठरोग्यांच्या ठायीं परत दिली. उपकाराची फेड ती ही. देणाऱ्याला आपल्याकडून कांहीं नको असतें; त्यानें दिलेलें दान ज्याला हवें आहे त्याच्यापर्यंत पोंचवावें, म्हणजे तें देणाऱ्यास पोंचलें.

संकट

1596 च्या ऑक्टोबर महिन्यांत सान फेलिपे नांवाचें स्पेनचें मोठें गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जात असतां वादळांत सांपडलें आणि जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यांतील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. गलबतावरील एका खलाशानें स्पेनच्या राज्याची फुशारकी मारतांना, आधीं धर्मगुरु येतात व मागून सैन्य येतें असें कांहीं सुचविलें, अशी गोष्ट सांगितली जाते. खरें कारण कांहींहि असो, हिदेयोशीचा संशय भडकला. डिसेंबरांत साधूंच्या मठांभोंवतीं पहारे बसले, आणि फ्रान्सिस्कन साधु, त्यांचे जपानी सहकारी व येशूसंघाचे तिघे असे चोवीसजण मृत्युदंडास पात्र ठरले.

1597 च्या जानेवारींत मियाको येथें त्या सर्वांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला व गाड्यांत बसवून त्यांस रस्त्यांतून फिरविण्यांत आलें. मग ओसाका व साकाई या शहरांतून त्यांची तशीच धिंड निघाली, आणि तेथून नागासाकीची लांब वाट सुरू झाली. ऐन हिंवाळा होता. सुमारें महिनाभर हे लोक बर्फांतून व थंडींतून बहुतेक पायीं चालले. वाटेंत त्यांची सेवा करणारे आणखी दोन ख्रिस्ती त्यांच्यांत सामील केले गेले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत लुई इबाराकी हा 12 वर्षांचा, आंतोनी 13 वर्षांचा व थोमास कोझाकी 14 वर्षांचा, असे तीन मुलगे होते. थोमासचा बापहि त्याच रांगेंत होता.

निशिझाकाची टेकडी

5 फेब्रुवारी 1597 रोजीं सकाळीं ते नागासाकीस पोंचले. शहराबाहेर संत लाजारस यांच्या नांवाचें कुष्ठरोग्यांचें इस्पितळ होतें. तेथें त्यांस थोडा विसांवा मिळाला. येशूसंघाच्या तिघांपैकीं पाउल मिकी हे पूर्वींपासून संघाचे होते; योहान गोतो व याकोब किसाई या दोघांचीं व्रतें त्या सकाळीं त्याच ठिकाणीं स्वीकारण्यांत आलीं. ज्या दाराशीं गोन्सालो तरुणपणीं वाट पाहत उभे होते, तें दार त्यांच्यादेखत दुसऱ्या दोघांस मरणाच्या उंबरठ्यावर उघडलें. थोड्याच वेळानें तिघे येशूसंघाचे, सहा फ्रान्सिस्कन आणि सतरा जपानी ख्रिस्ती असे सर्वजण एकाच ओळींत सव्वीस क्रूसांवर होते. जुना नकार, दोन संघांमधील कुरबुरी, परका आणि आपला, हे सारे भेद त्या ओळींत उरले नाहींत.

निशिझाकाच्या त्या टेकडीवरून समुद्र दिसतो. मुलांनीं स्तोत्र गाइलें. पाउल मिकी यांनीं क्रूसावरून प्रवचन केलें व आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. मग भाले चालले. वसईचे गोन्सालो त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचे होते. देवानें त्यांस जें जें दिलें होतें, श्रद्धा, अक्षर, भाषा, धन, तें त्यांनीं एकेक करून परत दिलें होतें. राहिला होता तो प्राण. तोहि त्या दिवशीं दिला.

मागें राहिलेलें बीं

पोप आठवे उर्बान यांनीं 1627 सालीं या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून जाहीर केलें, आणि पोप नववे पायस यांनीं 8 जून 1862 रोजीं सव्वीसहि जणांस संतपद दिलें. गोन्सालो हे भारतभूमीवर जन्मलेले पहिले संत होत.

जपानांत मात्र पुढें मोठा छळ झाला. धर्मगुरु उरले नाहींत, देवळें उरलीं नाहींत. नागासाकी येथें या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवानें ओउरा येथें देऊळ बांधण्यांत आलें, आणि 17 मार्च 1865 रोजीं कांहीं खेडवळ माणसें तेथें येऊन फादर पेतिजां यांस हळूच भेटलीं. आपलीहि श्रद्धा तीच आहे असें त्यांनीं सांगितलें. दोनशेंहून अधिक वर्षें, धर्मगुरूंवांचून, आईबापांनीं मुलांस गुपचूप प्रार्थना शिकवीत ती राखिली होती. निशिझाकावर 1962 सालीं स्मारक उभें राहिलें. पोप दुसरे जॉन पॉल 1981 सालीं व पोप फ्रान्सिस 2019 सालीं तेथें प्रार्थनेस आले.

आपल्या किनाऱ्यावरहि काळ पालटला. 1739 सालीं मराठ्यांनीं चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालीं माहीम, तारापूर व अखेरीस वसई घेतली. ज्या कोटांत गोन्सालो यांनीं अक्षरें गिरविलीं, तेथील भव्य देवळांचीं छपरें पुढें ढांसळलीं. श्रद्धा मात्र ढांसळली नाहीं. ती घरांतल्या दिव्यापाशीं राहिली. आज वसईच्या कोटांत संतांचा सण भरतो, गास येथील देवळास त्यांचें नांव आहे, आणि 1998 सालीं मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतांत आपला हा पालघरचा मुलूखहि मोडतो. म्हणजे संत गोन्सालो हे आपले घरचे आहेत. घरच्या माणसाचें नुसतें नांव घेऊन भागत नाहीं. त्याचें वळण घ्यावें लागतें.

आपणांस बोध

सातपाटीचा सरंगा सर्वत्र नांवाजलेला आहे. 2023 सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यास राज्यमाशाचा मान दिला. परंतु तो पूर्वीसारखा जाळ्यांत येत नाहीं, हें किनाऱ्यावरचें लहान मूलहि सांगेल. डिझेल जळतें, दिवस जातात, आणि होडी रिकामी परत येते. अशा घरांत जाऊन आभार मानण्याची गोष्ट काढणें सोपें नाहीं, याची आम्हांस जाणीव आहे. भरलेल्या होडीबद्दल आभार मानावयास संत लागत नाहीं. रिकाम्या होडीच्या दिवशीं काय करावें, तेवढ्यासाठींच संत गोन्सालो यांचें चरित्र हवें.

रिकामी होडी भरलेली होती असें म्हणावें, असें तें चरित्र सांगत नाहीं. नकार हा नकारच होता, आणि त्याचें दुःख खरें होतें. पण त्या दुःखाच्या दिवशींहि गोन्सालो यांच्यापाशीं कांहीं शिल्लक होतें, आणि तें त्यांनीं कटुतेच्या हातीं जाऊं दिलें नाहीं. आपल्यापाशींहि कांहीं शिल्लक असतेंच. स्नानसंस्कारांत मिळालेली श्रद्धा, शाळेंत मिळालेलीं अक्षरें, धडधाकट हात, हांकेला येणारा शेजारी. त्यांतील एखादी गोष्ट घेऊन गांवांतील सर्वांत मागें पडलेल्या माणसाकडे जावें. अंथरुणास खिळलेल्या म्हातारीकडे जावें, समुद्रानें ज्याचा धनी नेला त्या घरीं जावें, शिकणाऱ्या गरीब मुलाकडे जावें. देवाकडे परत फिरण्याची वाट त्या दारांवरून जाते. आपले हिंदु शेजारी नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्यावांचून होडी लोटीत नाहींत. घेण्यापूर्वीं कांहीं द्यावें, हें या किनाऱ्याच्या रक्तांतच आहे.

ज्या पवित्र बलिदानाभोंवतीं हा ज्युबिलीचा सोहळा होत आहे, त्याचें जुनें ग्रीक नांव एउखारिस्तिया. त्याचा अर्थच आभार मानणें असा आहे. भाकर घेतली जाते, तिच्याबद्दल आभार मानले जातात, आणि ती मोडून वांटली जाते. संत गोन्सालो यांच्या आयुष्याचा क्रमहि हाच होता. वेदीवर जें दर रविवारीं घडतें, तें त्यांनीं चाळीस वर्षांत जगून दाखविलें. ज्या वाडवडिलांनीं आपणांस ही वेदी दिली, त्यांचे आभार मानण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

वसईच्या या थोर रक्तसाक्ष्याच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामास, आपल्या घरांस व समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसांस देवाचा आशीर्वाद लाभो, आणि दहांतील त्या एकाप्रमाणें परत फिरण्याची बुद्धि आपणां सर्वांस मिळो, हीच आमची प्रार्थना.